दिसलीच नाही

“दिसलीच नाही म्हणे,” शिपाईमामा म्हणाले आणि त्यांनी चहाचा ट्रे शिक्षकखोलीतल्या लांब टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवला. “गाडीवाल्यानं स्वतःच उचलून दवाखान्यात नेलं. रडत होता बिचारा. म्हणाला, गडद निळा स्वेटर, वर काळं दप्तर, मागे गोदामाची भिंत. मला वाटलं भिंतच आहे.” मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या पर्यवेक्षिका, बदली तासांचा तक्ता भरत होत्या. दोन शिक्षक रजेवर होते आणि पहिली घंटा व्हायला दहा मिनिटं होती. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कितवीतली?” “सहावी ब. खालच्या चौकात शिवणकाम करतात ना त्या बाई, त्यांची मुलगी. दोन वेण्यांची. मांडीचं हाड मोडलंय.” बाईंचं पेन थांबलं नाही. त्यांनी ओळ पुरी केली, खाली रेघ मारली, आणि तक्ता मामांच्या हातात देताना त्यांच्या लक्षात आलं की आठही तासांपुढे आपण ‘सहावी ब’ लिहून ठेवलं आहे. त्यांनी तो परत घेतला, चुरगळला, नवा कागद ओढला. तेवीस वर्षांत त्यांच्या तक्त्यात कधी खाडाखोड झाली नव्हती. “बाई, चहा निवतोय,” मामा म्हणाले. बाईंनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. तेवढ्यात घंटा झाली.

काल सकाळी ती त्यांच्यासमोर उभी होती, फाटकाच्या आतल्या पायरीवर. फाटकातली तपासणी म्हणजे मोठ्या बाईंचं राज्य. कोटाच्या उजव्या खिशात घडीची छोटी कात्री, डाव्या खिशात सेफ्टी पिना आणि लाल पेन्सिल. नखं, केस, बूट, गणवेश. मुलं लांबूनच त्यांना बघून रंगीत टोप्या दप्तरात कोंबायची. या मुलीच्या स्वेटरच्या दोन्ही बाह्यांवर आणि खाली कमरेच्या काठाला बोटभर रुंदीची रुपेरी पट्टी शिवलेली होती. इतकी सुबक की टाका शोधावा लागावा. “हे काय?” “आईनं लावलंय, बाई. संध्याकाळी गाड्यांना दिसावं म्हणून.” “गणवेशात हे बसतं का?” “नाही, बाई.” “उद्या प्रत्येकानं आपल्या मनाला येईल ते लावलं तर?” “चुकलं, बाई.” प्रश्न नेहमीचे होते आणि उत्तरंही नेहमीचीच; मुलांना ती पाठ होती. मागे रांग खोळंबली होती. उद्या काढून ये, असं म्हणता आलं असतं. पण उद्यावर ढकललेली शिस्त ही शिस्तच नव्हे, असं त्या नव्या शिक्षकांना नेहमी ऐकवत. त्यांनी कात्री काढली. मुलगी दोन्ही हात लांब करून उभी राहिली, माप द्यायला उभं राहावं तशी. एकेक टाका त्यांनी कात्रीच्या टोकानं अलगद उचलून कापला. ओढाताण नाही, हिसका नाही; स्वेटरचा एक धागा दुखावला नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या सफाईचं त्यांना बरंही वाटलं होतं. पट्ट्यांची गुंडाळी त्यांनी खिशात टाकली आणि मुलीला म्हटलं, “जा. पुढची.” पुढचीच्या केसांत मोरपंखी क्लिप होती.

दिवसभर त्या वर्गावर्गांतून फिरल्या. सहावी ब समोरून जाताना खिडकीतून तिसऱ्या बाकावरची मोकळी जागा दिसली. तिसरा बाक त्यांचा स्वतःचाही होता, कधी काळी. पहिल्यावर बसावं तर बाईंच्या डोळ्यांसमोर, शेवटच्यावर बसावं तर बाईंच्या डोळ्यांवर. तिसऱ्या बाकावर बसलेल्या मुलीकडे कुणाचं लक्ष जात नाही. हे त्यांना आईनं शिकवलं होतं. वडिलांची नोकरी गेली, ती का गेली हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि तेव्हापासून आईनं घराला जणू काळा पडदा लावला. मोठ्यानं हसायचं नाही. खिडकीत उभं राहायचं नाही. चारचौघांत उठून दिसायचं नाही. त्याच हिवाळ्यात आत्यानं त्यांच्यासाठी लिंबासारख्या पिवळ्या रंगाचा स्वेटर विणून पाठवला. तो घालून त्या एकदाच, फक्त एकदाच, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आल्या. येताना पळत आल्या होत्या, का कोण जाणे, पिवळ्या रंगात पाय आपोआप पळतात असं वाटलं होतं. दारात आई उभी. “सगळी गल्ली बघत होती तुझ्याकडे.” त्याच दुपारी आईनं मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, रंगाची पुडी टाकली आणि स्वेटर काठीनं आत दाबला. तो वर यायचा, आई पुन्हा दाबायची. काळा काही तो झाला नाही. गढूळ, चिखलाच्या रंगाचा झाला, आटला, बगलेत काचू लागला. तीन हिवाळे त्यांनी तो घातला. पहिले काही दिवस आईचा राग आला. मग हळूहळू एक सुख कळू लागलं, कुणाच्याच नजरेत नसण्याचं सुख, आणि पुढे तर त्यांनी त्या सुखाला तत्त्व केलं. गणवेश म्हणजे झाकण, त्या सांगत. कुणाच्या घरी काय आहे आणि काय नाही, ते कुणाला दिसू नये. सगळे सारखे दिसले की कुणी कुणाला बोट दाखवत नाही. हे त्या मनापासून बोलत. त्यात खोटं काय होतं? कितीतरी मुलांचं त्यांनी झाकलं होतं. या मुलीचंही झाकलं, इतकं की भिंत आणि मुलगी यांत फरक राहिला नाही.

चार वाजता मुख्याध्यापकांनी बोलावलं. ते भला माणूस म्हणून प्रसिद्ध होते, आणि भल्या माणसासारखेच हात चोळत बसले होते. “वाईट झालं हो. पण याच्यातून आपण काहीतरी चांगलं करू. मी वाचलंय, चमकणाऱ्या पट्ट्या मिळतात. गाडीचा दिवा पडला की लांबून दिसतात. सगळ्या शाळेला लावायच्या. प्रत्येक स्वेटरला. तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?” बाई म्हणाल्या, “गणवेशात बदल करावा लागेल.” “करू की. तुम्हीच मसुदा घ्या.” त्यांनी खुर्चीला पाठ टेकून, डोळे मिटून सांगायला सुरुवात केली, आणि बाई लिहू लागल्या. ‘हिवाळ्यात शाळा सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो. अशा वेळी आपला पाल्य वाहनचालकांना स्पष्ट दिसेल याची दक्षता घेणं ही प्रत्येक पालकाची जबाबदारी आहे. काही पालकांच्या दुर्लक्षामुळे...’ बाईंनी विचारलं, “दुर्लक्षामुळे?” “मग काय म्हणायचं? निष्काळजीपणा जरा कडक वाटतो.” बाईंच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. साधं, आठ-नऊ शब्दांचं. त्या मुलीच्या आईनं पट्टी लावली होती, ती मी कापली. क्रियापदासकट तयार होतं. “दुर्लक्ष ठीक आहे,” त्या म्हणाल्या, आणि आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी तो शब्द लिहिला. वर रफार नीट काढला. सगळी शाळा त्यांच्या अक्षराची वाखाणणी करायची.

घरी पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. त्यांचे यजमान निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा वेळ शब्दकोड्यांवर काढत. “आडवा पाच, चार अक्षरी, ‘नजरेआड’,” त्यांनी खुर्चीतूनच विचारलं. कोट काढताना बाईंच्या हाताला खिशातली गुंडाळी लागली. दिव्याच्या उजेडात ती अगदीच सामान्य होती, राखाडी, औषधाच्या पाकिटाच्या आतल्या कागदासारखी. त्यांनी घरातल्या बोळातला दिवा घालवला, पट्टी फडताळाच्या कडेला टांगली, आणि चार पावलं मागे जाऊन यजमानांचा टॉर्च लावला. पट्टी पेटली. दुसरा शब्द नव्हता त्याला. अंधारात नुसती एक पांढरी जळती रेघ उभी राहिली, आणि फडताळ, भिंत, खुंटीवरचा कोट, काहीच उरलं नाही. टॉर्च जरा बाजूला केला की विझायची. पुन्हा धरला की पुन्हा पेटायची. त्या पाच पावलं मागे गेल्या, मग दहा, मग दाराबाहेर जिन्यापर्यंत. तिथूनही दिसत होती. “काय चाललंय काय?” यजमान दारात येऊन उभे राहिले. तेव्हा त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, अंधारातच, टॉर्च जमिनीकडे धरून. यजमान म्हणाले, “तू तुझं काम केलंस. नियम तू थोडाच केला होतास?” “मीच केला होता.” “बरं, पण गाडी तू चालवत नव्हतीस ना?” त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला. किती मायेनं बोलत होते! आणि बाईंना त्या क्षणी त्यांच्याइतका तिटकारा जगात कुणाचा आला नसेल. कारण हेच ऐकायला त्यांनी तोंड उघडलं होतं, आणि ऐकून खरोखरच जरा हलकं वाटलं होतं.

आठव्या दिवशी त्या मुलीच्या घरी गेल्या. शाळेतर्फे कुणीतरी जायला हवं होतं आणि सगळ्यांनी त्यांचंच नाव घेतलं. एकच खोली, मधे पडदा. पडद्याच्या पुढे शिवणयंत्र, कापडाच्या चिंध्या, भिंतीला टेकवलेली इस्त्रीची फळी. बाजूला सारलेल्या पडद्यामागे खाट, खाटेवर मुलगी, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये. बाईंना बघून ती उठायला गेली. “झोप, झोप,” बाई म्हणाल्या. मुलीची आई पस्तिशीची असेल. गळ्यात माप घेण्याची फीत, ओठांत टाचणी. टाचणी काढून तिनं खुर्ची पुसली. “बसा, बाई. उपकार झाले आलात ते.” मग इकडचं तिकडचं झालं. हाड बसवलंय, दोन महिने लागतील, गाडीवाला दोनदा येऊन गेला, दारात उभं राहून रडतो आणि जातो. बाई पाणी प्यायल्या. तेवढ्यात आई मुलीकडे वळून म्हणाली, “हिचाच हट्ट नडला, बाई. मी पट्टी लावून दिली होती. चांगली तीन ठिकाणी. हिनंच उसवून फेकून दिली. वर्गातल्या मुली हसतात म्हणे! हसल्या तर हसल्या, पाय तर राहिला असता धड!” मुलगी छताकडे बघत होती. “किती वेळा सांगितलं असेल हिला, पण ऐकेल तर शपथ.” बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं हळूच नजर वळवली आणि त्यांच्यावर ठेवली. त्यात तक्रार नव्हती. त्या नजरेत फक्त एक प्रश्न होता, फाटकात रोज असायचा तोच: बरोबर आहे ना, बाई? बाईंनी पेला खाली ठेवला. “मुलं असतात अशी,” त्या म्हणाल्या. ते वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, खोलीत फिरलं आणि खाटेवर मुलीच्या उशाशी जाऊन बसलं. त्या जिना उतरू लागल्या. मुलगी खोटं बोलली होती आणि त्या खोट्यासाठी रोज बोलणी खात होती. कुणी सांगितलं होतं तिला? कुणी नाही. भीतीला सांगावं लागत नाही.

त्यानंतर बाईंनी पट्ट्यांचं काम असं अंगावर घेतलं की शाळा बघत राहिली. दुकानं पालथी घातली, नमुने आणले, मैदानात मोटरसायकलचा दिवा लावून कुठली पट्टी किती पावलांवरून दिसते ते स्वतः मोजलं. गोदामाच्या भिंतीपाशी बंद पडलेल्या दिव्यासाठी नगरपालिकेच्या कचेरीत पाच खेपा घातल्या, पाचव्या खेपेला तिथला कारकून म्हणाला, “बाई, तुमचंच मूल होतं का ते?” आणि बाई बाहेर आल्या. शिक्षकखोलीत त्यांचं कौतुक होऊ लागलं. “एवढी तळमळ हल्ली कोण दाखवतं!” तळमळ खरीच होती, पण ती कशाची होती हे एकट्या त्यांनाच माहीत होतं. शाळा सुटली की त्या गोदामाजवळच्या वळणावर जाऊन उभ्या राहत. धुकं खाली उतरलेलं असे, गाड्यांचे दिवे आधी नुसते पिवळट डाग होऊन येत. मुलं भिंतीच्या कडेनं जात, आणि खरंच, दहा पावलांवर मुलं नाहीशी होत. हसणं ऐकू येई, पण हसणारं कुणी नसे. इतकी वर्षं त्या याच वेळी बसथांब्याकडे जात होत्या, पण कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. सकाळी ज्यांची नखंसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नव्हती, ती संध्याकाळी कुठून कशी जातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. फाटकाच्या आतलं सगळं दिसायचं.

शिवायला कुणाला द्यायचं हा प्रश्न निघाला तेव्हा मुख्याध्यापकांचा चेहरा खुलला. “अहो, त्या मुलीच्या आईलाच देऊ! तेवढाच हातभार. आणि लोकांनाही बरं वाटेल.” म्हणून त्या संध्याकाळी पाचवीच्या स्वेटरांचं गाठोडं घेऊन मामांबरोबर त्या पुन्हा तो जिना चढल्या. मामा गाठोडं ठेवून गेले. मुलगी पडद्यापलीकडे झोपली होती. प्लास्टर निघालं होतं, पाय सुकून काठीसारखा झाला होता. आईनं गाठोडं सोडलं, वरचा स्वेटर उचलला आणि त्याच्या काठावर सवयीनं अंगठा फिरवला. बाईंना वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, “तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी पट्टी तिनं काढली नव्हती. मी कापली.”

आईनं स्वेटर खाली ठेवला नाही. सुईत दोरा ओवून झाला, गाठ मारून झाली, मग ती म्हणाली, “माहीत आहे मला.”

“तिनं सांगितलं?”

“ती कशाला सांगेल? दवाखान्यात तिचे कपडे माझ्या हातात दिले ना, तेव्हाच कळलं. पोरीनं उसवलं असतं तर ओढलं असतं. लोकर निघाली असती, भोकं पडली असती. इथे एकेक टाका कापलेला. स्वच्छ. बाई, माझा जन्म गेलाय यात. कात्री कुणाच्या हातात होती एवढं कळतं.”

“मग तिला का बोललात? माझ्यासमोर?”

“काय करू तर? मला कळलंय हे तिला कळलं, तर ती म्हणणार, आई, मग तू काहीच का केलं नाहीस? काय सांगू तिला?” आवाज अजिबात चढला नव्हता, ती पट्टीचं टोक दुमडून स्वेटरवर बसवत होती. “शाळा दुसरी नाही इथे. अजून चार वर्षं तिला तुमच्याच फाटकातून जायचंय.”

“मी उद्या मुख्याध्यापकांना सांगते. सगळ्यांसमोर सांगते.”

आता मात्र तिनं मान वर केली. “आणि मग? ‘हिच्यामुळे मोठ्या बाईंना खाली मान घालावी लागली,’ असं चार वर्षं तिच्या तोंडावर म्हणतील. तुमचे शिक्षकच म्हणतील. सांगून तुम्ही मोकळ्या व्हाल हो. तुम्हाला मोकळं व्हायचं असेल तर दुसरीकडे कुठे व्हा. माझ्या पोरीच्या जिवावर नको.”

बाईंना वाटलं होतं, ती रडेल. ओरडेल, स्वेटर अंगावर फेकेल. त्याची तयारी त्यांनी बसमध्ये मनातल्या मनात केली होती. कुठल्या वाक्याला मान खाली घालायची, कुठे हात धरायचा, सगळं. क्षमा मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं, पण निदान शिक्षा मिळेल असं वाटलं होतं, आणि इथे तीही कुणी देत नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या. यंत्राच्या छोट्या दिव्याखाली सुई खालीवर होऊ लागली. मग पडद्यामागे खाट करकरली, सुई थांबली आणि आईचा चेहरा एका क्षणात बदलला. “उठलीस का गं?” ती मोठ्यानं म्हणाली. “ये बघू, कोण आलंय ते बघ. बाई आल्यात. तुझी चौकशी करायला मुद्दाम वाट वाकडी करून आल्यात!” बाईंनीही हसू आणलं. त्यांना ते येतं याचंच नवल वाटलं.

मुलगी कुबडी टेकत बाहेर आली. उंच झाली होती, किंवा बारीक झाल्यामुळे तशी वाटत होती. चालून दाखवलं, खिडकीपर्यंत आणि परत. जानेवारीपासून शाळेत येणार म्हणाली, अपूर्णांक आईनं घरी घेतलेत म्हणाली. बाई “छान, छान” म्हणत राहिल्या. “बाईंना दारापर्यंत सोड,” आई म्हणाली आणि गाठोडं उचलून पडद्यामागे ठेवायला गेली.

दारात बाई चपला शोधत होत्या. मुलीनं एकदा पडद्याकडे पाहिलं. मग कुबडी भिंतीला टेकवली आणि बाईंच्या कोटाची बाही धरून त्यांना जरा खाली ओढलं. तिच्या श्वासाला औषधाचा वास येत होता. “बाई,” ती कुजबुजली, “मी अजून कुणालाच सांगितलं नाही. आईलापण नाही.” पडद्यामागे कसलाच आवाज नव्हता. गाठोडं खाली ठेवल्याचासुद्धा नाही. बाईंनी तोंड उघडलं. बोलायचं होतं ते सगळं आत होतं, इतके आठवडे घोकलेलं, आणि ते आता बोलायचं नव्हतं, कधीच बोलायचं नव्हतं, आणि मूल तर उत्तरासाठी वर बघत उभं होतं. त्यांचा हात आपोआप त्या दोन वेण्यांच्या मधल्या भांगावर गेला.

“शहाणी आहेस,” त्या म्हणाल्या.

मुलीचा चेहरा उजळला.